शिक्षकांचे आपसांतील बोलणे



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळींना वाटले असेल, की हा काय व्याख्यानाचा विषय झाला? दोन शिक्षक एकत्र आले की ते बोलणारच. वेतन, भत्ते, बदल्या, निवडणुकीची आणि खानेसुमारीची कामे, एवढे विषय त्यांना पुरून उरतात. त्या बोलण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती गाऱ्हाणी पुष्कळदा खरी असतात. परंतु मला आज जे बोलणे अभिप्रेत आहे ते निराळे आहे. काल वर्गात काय घडले, कोणता पाठ फसला, कोणते मूल कशाने अडले, आणि अशा वेळी तुम्ही काय करता, हे एका शिक्षकाने दुसऱ्याला मोकळेपणाने विचारावयाचे, ते बोलणे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ज्या गावातील शिक्षकाला ‘मला हे जमत नाही’ असे आपल्या सोबत्यांपुढे न भिता म्हणता येते, त्या गावच्या शाळा सुधारण्याची आशा असते. जेथे तसे म्हणण्याची सोय नाही, तेथे नवी इमारत, संगणक आणि परिपत्रके कितीही आली, तरी शाळा आतून जागच्या जागी राहते. आणि ही सोय करणे हे केवळ सरकारचे काम नाही. ते तुमचे आमचेही आहे. म्हणूनच हा विषय मी शिक्षकांच्या सभेत न मांडता नागरिकांच्या सभेत मांडावयास आलो आहे.

प्रथम शिक्षकाच्या एकटेपणाकडे पाहू. आपण म्हणाल, चाळीस मुलांत बसलेला माणूस एकटा कसा? पण इतर धंद्यांशी ताडून पाहा. वकील कोर्टात उभा राहतो तेव्हा दहा वकील मागच्या बाकांवर बसून त्याचे बोलणे ऐकत असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरशेजारी दुसरे डॉक्टर व परिचारिका असतात. पैलवान तालमीत सर्वांदेखत चीत होतो आणि कोठे चुकले ते वस्तादाकडून तेथल्या तेथे शिकतो. गवयाच्या मागे तंबोऱ्यावर शिष्य बसलेला असतो. यांपैकी प्रत्येकाचे काम त्याच धंद्यातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर चालते. शिक्षकाचे तसे नाही. तास सुरू झाला, दार लोटले, की आत काय चालले आहे हे पाहणारे मोठे माणूस कोणीच नाही. जे पाहतात ती मुले. आणि त्यांची साक्ष आपण काढीत नाही. क्वचित कोणी मोठा माणूस वर्गात येतो तो तपासणीला येतो. त्याच्यासमोर जो पाठ होतो तो नेहमीचा पाठ नसतो, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मुलांनाही.

अमेरिकेतील डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ नावाचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी शाळेला अंडी ठेवण्याच्या खोक्याची उपमा दिली. खोके एकच, पण प्रत्येक अंडे आपापल्या खळग्यात, शेजारच्याला न टेकता बसलेले. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. शिक्षक होण्यापूर्वी प्रत्येक जण विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहत आलेला असतो. त्यामुळे आपल्याला शिकवणे म्हणजे काय हे ठाऊक आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने शिक्षकाचे बोलणे व वागणे पाहिलेले असते. त्यामागचा विचार, तयारी, शंका त्याला दिसलेल्या नसतात. पुढे तो स्वतः वर्गात उभा राहिला आणि अडचणीत सापडला, की नकळत आपल्या जुन्या मास्तरांसारखाच वागू लागतो. अध्यापक विद्यालयात शिकलेले सारे अशा वेळी मागे पडते. शिक्षणाच्या पद्धती पिढ्यान्‌पिढ्या का बदलत नाहीत याचे एक मोठे कारण येथे आहे. आणि हे आपल्यालाही लागू आहे, बरे का! या सभागृहातील प्रत्येकाला शाळा कशी असावी याबद्दल ठाम मत आहे, ते आपण सगळे एके काळी बाकावर बसलो होतो म्हणून.

अमेरिकेच्या शाळेत निदान दहा-वीस खोल्या तरी असतात. आमच्या वाडीवस्तीवरील शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत साठपर्यंत मुले असतील तर शिक्षक दोन. म्हणजे एकाने पहिली-दुसरी सांभाळावयाची आणि दुसऱ्याने तिसरी, चौथी, पाचवी. त्यातला एक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला, की उरलेल्याने सगळेच वर्ग घेऊन बसावयाचे. अशा शिक्षकासमोर येणारे प्रश्न कसे असतात? एक मुलगा धडा घडाघडा वाचतो, पण वाचले त्यातले काय कळले म्हणून विचारावे तर गप्प. दुसरीतील एक मुलगी दोन अंकी वजाबाकी करताना दर वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो वर असो की खाली. हातचा घेणे म्हणजे काय हे तिला उमगलेले नाही, आणि चूक दाखवली तरी उद्या पुन्हा तीच चूक. बीडकडच्या एखाद्या गावात दिवाळीच्या सुमाराला निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतो. त्याला कोठून शिकवावयाचे? मेळघाटात मूल घरी कोरकू बोलते, गडचिरोलीच्या रानात गोंडी वा माडिया बोलते, धडगावच्या डोंगरात पावरी बोलते. आणि पहिल्या दिवशी त्याच्या हाती मराठीचे पुस्तक पडते.

या प्रश्नांची उत्तरे कोणत्या परिपत्रकात सापडतील? प्रशिक्षणातले तज्ज्ञ सर्वसाधारण तत्त्वे सांगतील, आणि ती पाहिजेतच. पण ‘माझ्या वर्गातल्या त्या मुलीला उद्या सकाळी मी काय सांगू?’ याचे उत्तर बहुधा अशाच दुसऱ्या एखाद्या शिक्षकापाशी असते, ज्याने अशाच मुलीला काड्यांचे गठ्ठे सोडावयास लावून हातचा दाखविला. तो शिक्षक कदाचित पाच कोसांवरच असेल. त्याला आपल्याजवळ असे काही सांगण्यासारखे आहे याची जाणीव नसेल, आणि आपल्या शिक्षकाला त्याचा पत्ता नसेल. ज्ञान आहे, गरज आहे, आणि दोहोंच्या मध्ये वाट नाही, अशी ही स्थिती आहे.

ही वाट पाडण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्यास शिक्षणखात्याचे ‘शालापत्रक’ नावाचे मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर विष्णुशास्त्री यांनी ते संपादिले. सरकारची अवकृपा होऊन १८७५ साली ते बंद पडले. पुढे गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा त्यांनी शाळेइतकीच काळजी ‘शिक्षणपत्रिके’ची घेतली, आणि ताराबाईंनी ती मराठीतही आणली. दूरच्या गावी एकट्याने बालवाडी चालवणाऱ्या बाईला आपल्यासारखे आणखीही कोणी आहे हे त्या पत्रिकेमुळे कळू लागले. गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे छोटे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातला प्रयोगशील शिक्षक मोठ्या उत्साहाने चौथीच्या वर्गात जातो, मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो, आणि पहिल्याच दिवशी त्याची अशी काही फजिती होते की त्याला मुलांना सुटी द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तेथून त्याला वाट सापडते. शिक्षणावरच्या एका नामांकित पुस्तकाचा आरंभ पाठ फसण्याने होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पहिल्या दिवसाची फजिती लेखकाने गाळली असती, तर वाचणाऱ्या शिक्षकाला ते पुस्तक आपले वाटले नसते.

पण मासिक आणि पुस्तक झाले तरी ते छापील. समोरासमोर बसून बोलण्याची रीत मोठ्या प्रमाणावर बसवून दाखविली ती सातपुड्यापलीकडच्या होशंगाबाद जिल्ह्याने, ज्याला आता नर्मदापुरम् म्हणतात. त्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगतो, कारण आपल्याला लागणारे धडे तीत आहेत.

१९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारच्या परवानगीने तेथील सोळा खेडेगावच्या शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा उपक्रम सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून तेथे गेले होते. त्या संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील अनेक शास्त्रज्ञ या कामी येऊन मिळाले. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ न करता प्रयोग करून शिकावे, एवढीच मूळ कल्पना. चार-चार मुलांची टोळी, प्रयोगाच्या साहित्याची पेटी, आणि ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे पुस्तक. त्या पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते, उत्तरे नव्हती. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, आणि हाताने प्रयोग करून दाखवावा लागे.

आता विचार करा, अशा पुस्तकाने शिक्षकाची काय अवस्था झाली असेल! आजवर उत्तर पुस्तकात होते, ते फळ्यावर लिहून दिले की तास संपत असे. आता चार टोळ्यांची चार उत्तरे येणार, आणि त्यांतले बरोबर कोणते हे शिक्षकालाही लगेच सांगता येणार नाही. मुले शेतातून फुले व किडे घेऊन येणार आणि कोणत्याही पुस्तकात नसलेले प्रश्न विचारणार. अशा शिक्षकाला वाऱ्यावर सोडले असते, तर महिन्याभरात पेटी कपाटात आणि जुने पुस्तक हातात, असे झाले असते. उपक्रम चालवणाऱ्यांनी हे ओळखले. दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण तर होतेच. त्यात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करीत. परंतु खरा आधार होता तो मासिक बैठकीचा. जवळपासच्या शाळांतील विज्ञान शिक्षक महिन्यातून एकदा ठरलेल्या केंद्रशाळेत जमत. महिनाभरात काय शिकविले, कोणता प्रयोग बिघडला, मुलांनी काय विचारले, हे सांगत. पुढच्या महिन्याचे प्रयोग तेथेच करून पाहत. परीक्षेत प्रश्न कसे घालावेत यावर वाद घालीत. ‘होशंगाबाद विज्ञान’ नावाची एक पत्रिका शिक्षकांत फिरे आणि तीत शिक्षकही लिहीत. १९७८ साली हा उपक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला. पुढे १९८२ साली ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, तिने तो हाती घेतला, आणि तो आणखी कित्येक जिल्ह्यांत पसरला.

त्या बैठकीत एक गोष्ट अशी होती जी आमच्या बैठकांत दुर्मीळ असते. विद्यापीठातला नामांकित शास्त्रज्ञ आणि खेड्यातला शिक्षक एकाच सतरंजीवर बसत, आणि दोघांनाही ‘हे मला माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणण्याची मोकळीक असे. वरचा माणूस ‘माहीत नाही’ म्हणतो हे ऐकले, की खालच्या माणसाच्या मनावरचा धोंडा उतरतो. हळूहळू त्या शिक्षकांतूनच दुसऱ्या शिक्षकांना शिकविणारे तयार झाले.

२००२ साली राज्य सरकारने हा उपक्रम बंद केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ज्ञांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षे वाढविलेले झाड एका हुकुमाने तुटले. या हकिकतीतून मी दोन गोष्टी घेतो. साधा, पगारदार, खेड्यातला सरकारी शिक्षक सोबत मिळाली तर किती वाढतो, ही पहिली. आणि सरकारच्या मर्जीवर उभी असलेली सोबत सरकारच्या मर्जीनेच जाते, ही दुसरी. तिच्या मागे गाव उभे असावे लागते.

याच जातीची आणखी एक रीत जपानात आहे. तिला ते ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, असे म्हणतात. १९९९ साली स्टिगलर आणि हीबर्ट यांनी ‘द टीचिंग गॅप’ या पुस्तकात तिचे वर्णन केल्यापासून ती जगभर माहीत झाली. काही शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. त्यांतला एक जण तो वर्गात शिकवितो आणि बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे! कोण कोठे अडले, कोणी काय लिहिले आणि खोडले, याची टिपणे घेतात. मग सगळे बसून पाठ दुरुस्त करतात आणि दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात तो पुन्हा घेऊन पाहतो. येथे खुबी अशी, की पाठ सर्वांनी मिळून केलेला असल्यामुळे दोष निघाला तर तो पाठाचा निघतो, माणसाचा नाही. शिक्षकाच्या मनातली लाज अशा रीतीने बाजूला झाली, की शिकणे सुरू होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९९४ पासून आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आहेत. आसपासच्या काही शाळांचे मिळून एक केंद्र, आणि त्या केंद्रातील शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, अशी ही व्यवस्था. कल्पना उत्तम. कागदावर पाहिली तर होशंगाबादच्या बैठकीची सख्खी बहीण. पण पुष्कळ ठिकाणी या परिषदेचे काय होते, हे येथे बसलेल्या शिक्षक-शिक्षिकांना मी सांगावयास नको. वरून विषयपत्रिका येते. पहिला तास स्वागतात व सूचनांत जातो. मग माहितीचे तक्ते: आधार क्रमांक किती जोडले, गणवेश किती वाटले, शालेय पोषण आहाराची नोंद कोठवर आली. शेवटी वेळ उरला तर एखादा आदर्श पाठ. आणि तो ज्याला चांगला येतो त्याचाच. ‘माझा अमुक पाठ फसला’ हा विषय पत्रिकेवर कधीच नसतो. केंद्रप्रमुखाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडून वरचे लोक जे मागतात तेच तो खाली मागतो.

तरीही आमचे शिक्षक स्वस्थ बसलेले नाहीत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने पहिली-दुसरीचे वर्ग चालू लागले, तेव्हा ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले. किती तरी जण पदरचे पैसे खर्चून गेले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम निघाल्यानंतर ‘शिक्षणाची वारी’ भरू लागली. तीत शिक्षकांनी आपापली साधने मांडावयाची आणि इतरांनी पाहावयाची, अशी योजना होती. वारी हा शब्द मला आवडला, कारण वारीत कोणी कोणाचा साहेब नसतो. मात्र एक सावधगिरीचे बोल सांगितले पाहिजेत. दुसऱ्याची शाळा पाहून येणारा डोळ्यांना दिसते ते घेऊन येतो. काहींनी परत येऊन आपल्या वर्गाची फरशी रंगविली, तक्ते टांगले, आणि शिकविणे होते तेच राहिले. रंग एका दिवसात नेता येतो. तो रंग का लावला हे समजण्यास बोलत बसावे लागते.

पुढे मोबाईल आला आणि एका रात्रीत बोलण्याची साधने वाढली. आज जवळजवळ प्रत्येक शिक्षक व्हॉट्सअॅपच्या निदान दोन प्रकारच्या गटांत असतो. एक कचेरीचा गट. त्यात रात्री उशिरा आज्ञा येते, की अमुक माहिती तातडीने सादर करावी. खाली चाळीस जणांचे ‘होय सर’. दुसरा शिक्षकांचा आपला गट. त्यात कोणी विचारतो, की जोडाक्षरे कशी घेता? आणि अक्कलकुव्याच्या प्रश्नाला त्याच रात्री कोकणातून उत्तर येते. २०२० साली साथीने शाळा बंद झाल्या, तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी फोनवरून, ध्वनिक्षेपकावरून, देवळाच्या ओट्यावर मुले अंतराअंतराने बसवून शिकविण्याच्या युक्त्या याच वाटेने एकमेकांना कळविल्या. त्याच वर्षी माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे जाहीर केले. रकमेचे सोडा, हे काम एकट्याचे नव्हे, ही जाणीव त्या वाटण्यात मला दिसते.

परंतु साधन आले म्हणजे सोबत आली असे नाही. त्या दुसऱ्या गटात एखादा अधिकारी सामील झाला, की ‘मला जमत नाही’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद होते. मग उरतात ती यशाची छायाचित्रे: हसरी मुले, रंगीत तक्ते, टाळ्यांची चित्रे. ती पाहून जिचा वर्ग आज बिघडला आहे त्या शिक्षिकेला धीर येत नाही. उलट, आपणच तेवढे नालायक, असे तिला वाटू लागते. दुसरा धोका आयत्या टाचणांचा. एकाने लिहिलेले टाचण हजार जणांच्या वहीत जसेच्या तसे उतरते, आणि विचार कोणीच केलेला नसतो.

याहून मोठा एक आक्षेप आहे, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. कोणी म्हणेल, अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे. दहा शिक्षक एकत्र बसले आणि दहांचाही समज एकच असला, की ‘या वस्तीतली मुले शिकणारच नाहीत’, किंवा ‘चार छड्या दिल्याशिवाय गणित येत नाही’, तर त्यांच्या बोलण्याने तो समज घट्टच होईल. हा आक्षेप खरा आहे. शिक्षकांचे कोंडाळे एकमेकांचे अज्ञानही जपू शकते. म्हणूनच होशंगाबादच्या बैठकीत बाहेरचा माणूस होता, समोर प्रयोग होता, आणि निकाल प्रयोगाने लागत असे. आपल्या बोलण्यातही दोन साक्षीदार हजर पाहिजेत. एक, मुलाचे प्रत्यक्ष काम: त्याची वही, त्याची पाटी, त्याचे शब्द. दुसरा, एखादे चांगले पुस्तक वा मासिक. ‘शैक्षणिक संदर्भ’ किंवा ‘पालकनीती’ यांतला एक लेख सर्वांनी वाचून आला, तरी गप्पांचा चर्चेशी संबंध जडतो. ‘ही मुले शिकणारच नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच सांगावे, की त्यांतल्या एकाची वही पुढच्या वेळी घेऊन या. वही उघडली म्हणजे ‘ही मुले’ जातात आणि एक मूल समोर येते.

म्हणून अशा बैठकीचे काही साधे नियम मी सुचवितो. प्रथम घडले ते सांगावे, मत नंतर द्यावे. जे बोलले गेले ते वर जाऊ नये; तेथे अधिकारी आलाच तर त्याने स्वतःची अडचण सांगून बसावे. मुलाचे नाव, त्याची जात, त्याच्या घरची दुःखे चव्हाट्यावर आणू नयेत, आणि मोबाईलवर तर मुळीच नाही. ते मूल उद्या मोठे होणार आहे. सल्ला घेणाऱ्याने पुढच्या महिन्यात येऊन त्याचे काय झाले ते सांगावे, फसला तरी सांगावे. आणि गाऱ्हाण्यांना वेळ असावा, पण ठरलेला. मनात साचलेले आधी बाहेर पडल्याशिवाय माणूस दुसरा विचार करू शकत नाही. मात्र सारा वेळ त्यातच गेला, तर जाताना तो आला होता तसाच जातो.

आता आपल्याकडे, नागरिकांकडे येतो. शिक्षकाच्या एकटेपणाला आपला हातभार लागलेला आहे. आपण त्याला निकाल विचारतो. तुम्ही काय करून पाहत आहात, हे विचारीत नाही. तो म्हणाला, की अमुक मुलांना वाचन येईना, काय करावे सुचत नाही, तर दुसऱ्या दिवशी गावभर होते, की मास्तरांना शिकविता येत नाही. मग तो शहाणा होतो आणि पुन्हा कधी बोलत नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, की निदान होत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारतो, तर आपण त्याला प्रामाणिक म्हणतो. शिक्षकाला हाच मान का नसावा? अडचण बोलून दाखविणारा शिक्षक हा कामात लक्ष असलेला शिक्षक होय. ज्याला कधीच काही अडचण येत नाही, त्याच्याविषयी काळजी करावी.

प्रत्यक्षात काय करता येईल? शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. त्या समितीने वर्षातून काही वेळा बांधकाम व गणवेश बाजूला ठेवून शिक्षकांचे नुसते ऐकावे. गावच्या वाचनालयाने महिन्यातील एका शनिवारी दुपारी एक खोली, एक कपाट आणि चहा एवढे शिक्षकांना द्यावे. कोणाचेही अध्यक्षपद नको, छायाचित्र नको, वृत्तांत नको. महाविद्यालयातील प्राध्यापकांनी तेथे जावे, पण भाषण करावयास नव्हे. सतरंजीवर बसून ‘करून पाहू’ म्हणण्यास. निवृत्त शिक्षकांनी जावे आणि आपण जिंकलेल्या लढायांबरोबर हरलेल्याही सांगाव्यात. होशंगाबादेत हजारो रुपयांच्या यंत्रांनी जे झाले नसते ते महिन्यातल्या एका दिवसाच्या बैठकीने झाले. एवढा एक दिवस प्रत्येक गावाला परवडतो.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी एकत्र बसून ऐकावे आणि विचार करावा म्हणून. त्या परंपरेतल्या आपल्या या मालेच्या चालकांना माझी शेवटची विनंती आहे. पुढील वर्षी एक दिवस या तालुक्यातील शिक्षकांना द्या. व्यासपीठावर वक्ता नको. पाच-सहा शिक्षक-शिक्षिका बसवा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा, की यंदा वर्गात तुम्हांला काय जमले नाही, आणि मग तुम्ही काय केले? आपण सर्वांनी यावे, ऐकावे, आणि दुसऱ्या दिवशी गावात त्याची टवाळी होऊ देऊ नये. हे तिसरे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते फक्त आपल्याच हातचे आहे.